घर आणि प्राणी आळीपाळीने सांभाळतो, पण हिशोब कसा धरायचा? सोलापूरकरांनो, सांगा

मनीची_आई, जुळे सोलापूर

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण आता आमच्यातल्या दोन घरांचं बोलणंच बंद झालंय आणि त्यातलं एक घर माझं आहे, म्हणून लिहितेच.

आम्ही जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडची सहा घरं. प्रत्येकाकडे कुत्रं नाहीतर मांजर. दीड वर्षापूर्वी असं ठरलं की कुणी गावाला गेलं की बाकीच्यांपैकी एकाने त्यांच्या घरी मुक्कामाला जायचं, म्हणजे घराला जाग राहते आणि जनावराला पण आपली जागा सोडावी लागत नाही. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, आज तुमचं उद्या आमचं. पहिलं वर्ष खरंच छान गेलं, माझी मनी बोर्डिंगच्या पिंजऱ्यात दोन-दोन दिवस काही खात नसे, ती घरच्या घरी मजेत राहिली, मला त्याचं किती समाधान वाटलं ते प्राणी पाळणाऱ्यालाच कळेल.

मग मे महिना आला. एका घरची मंडळी नऊ दिवस लग्न आणि देवदर्शनाला गेली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. त्यांचा लॅब (लॅब्राडोर कुत्रा) ११ वर्षांचा आहे, सांधे दुखतात, दोन वेळची गोळी पोळीत दडवून द्यायची. वर एक मांजर. गच्चीवर चाळीस-एक कुंड्या, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागतंच. आणि नळ! तो पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री अडीचला, आधी खालचा हौद भरायचा मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं, आणि हे सगळं मला कधी सांगितलं तर निघायच्या दिवशी जिन्यात, बॅगा रिक्षात ठेवता ठेवता. माझे दुपारी क्लास असतात, त्या नऊ दिवसांत मी सलग चार तास झोपले असेन अशी एकच रात्र आठवते.

चौथ्या दिवशी लॅबने खाणं सोडलं. पंख्याखाली नुसता धापा टाकत पडला होता, कानाला हात लावला तर भाजत होता. त्यांना सात-आठ फोन केले, गाडीत होते, लागलेच नाहीत. शेवटी शेजारच्या मुलाला घेऊन चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेला. सलाईन, रक्त तपासणी, गोचीडताप निघाला, बिल २,८४० झालं, मी भरलं. ते आल्यावर म्हणाले की आम्हाला विचारून न्यायचं ना, आमचे डॉक्टर एवढे घेत नाहीत, आणि निम्मे पैसे दिले. मला पैशापेक्षा ते वाक्य लागलं.

आणखी एक. सहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला, "त्याला सोफ्यावर का घेतलंस गं?" मी गार पडले. टीव्हीच्या वर शोपीसच्या मागे कॅमेरा होता, आणि पाच दिवस मी तिथेच झोपत होते कारण कूलर हॉलमध्येच आहे.

दिवाळीत ते माझ्याकडे चार रात्री राहिले. माझ्याकडे एक मांजर आणि दोन तुळशी. त्यातल्या एका रात्री ते आलेच नाहीत, कोरडं खाणं ठेवून गेले. आता म्हणतात, थोडंफार इकडंतिकडं पण हिशोब जवळपास फिटला. माझ्याकडूनही चूक झालीय, कुत्र्याच्या गडबडीत त्यांच्या मोगऱ्याच्या तीन कुंड्या वाळल्या आणि त्या त्यांच्या आईंनी लावलेल्या होत्या, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, तसं मी सांगितलंही.

मला हा ग्रुप मोडायचा नाहीये. पण रात्री मोजायच्या की काम मोजायचं? डॉक्टरचं बिल कुणाचं? कॅमेऱ्याचं काय? कुणी असं चालवत असाल तर प्लीज सांगा.

रेल्वेलाईन्सचे_काका

ताई, तुम्ही कुत्र्याला नेलंत ते बरोबरच केलंत, त्यात दुसरा विचार करू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये जनावराची काळजी घ्यायची जबाबदारी नुसत्या मालकावर टाकलेली नाही, जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत आहे त्या प्रत्येकावर आहे. म्हणजे त्या नऊ दिवसांत ती तुमची होती. मालकाचा फोन लागेपर्यंत वाट बघत बसणं हा पर्यायच नव्हता. आणि जबाबदारी तुमची असली तरी खर्च मालकाचाच, कारण कुत्रं त्यांचं आणि गोचीडतापही तुमच्याकडून आलेला नाही.

मी विमा खात्यात ३१ वर्षं काढली म्हणून घराबद्दल दोन शब्द. घरफोडीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा कुलूप-कडी तोडून, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. तुम्ही चावी हातात दिलेला माणूस घरात असताना काही गेलं तर क्लेम मिळणं फार अवघड. दागिना हरवला आणि विमा मिळाला नाही की मग संशय राहणाऱ्यावर, आणि तो कायमचा. म्हणून जाण्याआधी दागिने लॉकरला टाका, कपाट बंद करून चावी बरोबर न्या. ह्यात राहणाऱ्याचा अपमान नाही, उलट त्याची अब्रू राखली जाते.

दुसरं, साध्या कागदावर चार ओळी लिहा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या परवानगीने, भाडं न घेता, घर सांभाळायला राहत आहेत. दोघांच्या सह्या. कायद्याच्या भाषेत ह्याला लायसन्स म्हणतात, १८८२ च्या ईझमेंट कायद्यात त्याची व्याख्या आहे, राहायची परवानगी मिळते, घरावर हक्क येत नाही. सोसायटीच्या वॉचमनने किंवा शेजाऱ्याने हटकलं तर तो कागद दाखवता येतो. आमच्या लाइनीत एका मुलीला रात्री अकराला गेटवर अर्धा तास उभं केलं होतं, तिच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता, कुत्रं तिला ओळखत होतं, पण वॉचमन ओळखत नव्हता.

दवाखान्यात_असते

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. मे आणि दिवाळी ह्या दोन सीझनला आमच्याकडे मालकाशिवाय आलेले पेशंट वाढतात आणि दर वेळी तोच घोळ. सोबतच्या माणसाला आधीचे आजार माहीत नसतात, लसीचं कार्ड कुठेय माहीत नसतं, सलाईन लावू का म्हटलं की तो मालकाला फोन लावत बसतो. एवढंच करा ना, जाण्याआधी डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी लिहून ठेवा की ह्यांना आमच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार आहे, इतक्या रुपयांपर्यंत न विचारता उपचार करा, त्याच्या वर गेलं तर ह्या दोन नंबरांवर फोन करा, आणि तेवढी रक्कम पाकिटात घालून फाईलला लावून ठेवा. तुमचे डॉक्टर कमी घेतात ना, मग त्यांचा पत्ता आणि वेळ लिहून ठेवायला हवी होती की.

११ वर्षांचा लॅब, सोलापूरचा मे, ४२-४३ च्या पुढे पारा, त्यात ताप. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं ते मला लिहायचं पण नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. असं दिसलं तर साधं पाणी अंगावर, पोटावर, पंजांवर ओतायचं, पंखा लावायचा आणि निघायचं.

सांभाळणाऱ्यांसाठी, जे मालक सांगायला विसरतात ते पण लिहिते. आपल्याकडे घरोघरी बेदाणे असतात, बरणी टेबलावर नको, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, किती खाल्ले तर चालतात असं प्रमाण नाही. मांजराला ताप वाटला म्हणून आपली क्रोसिन कधीच द्यायची नाही, त्यातल्या पॅरासिटामॉलने मांजर दगावतं. मांजर दोन दिवस काही खात नसेल तर रुसलीय म्हणून सोडून देऊ नका, लिव्हरवर जातं. आणि चावलं, ओरखडलं तर कुत्रं कितीही ओळखीचं असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आपल्यात लोक आधी हळद लावतात, नका लावू.

होटगी_रोड

एवढा त्रास करून घेण्यापेक्षा सरळ पैसे देऊन माणूस ठेवावा ना. ओळखीत उपकार आले की बोलणी येतातच.

मनीची_आई

@होटगी_रोड पैसे दिले असते हो, पण पैसे घेऊन रात्री मुक्काम करणारं विश्वासाचं माणूस आमच्याकडे सहज मिळत नाही. आणि मनी ज्यांच्या मांडीवर जाऊन बसते ती माणसं ह्याच सहा घरांतली आहेत.

मोहोळचा_पोरगा

ताई मी मोहोळ तालुक्यातला, सोलापुरात एमपीएससी करायलोय, तीन वर्षं झाली. माझ्याकडं ना घर ना कुत्रं, पण मी लोकांची घरं सांभाळतो. कारण रूमवर आम्ही चौघं आहोत आणि अभ्यासाला शांत जागा म्हणजे माझ्यासाठी लई मोठी गोष्ट आहे. आत्तापर्यंत पाच घरं झाली. त्यातली तीन सोन्यासारखी, दोन ठिकाणी परत जाणार नाही.

एका काकांनी सांगितलं होतं, काही काम नाही रे, फक्त कुत्र्याला दोन टाइम फिरवायचं. गेलो तर कळलं कुत्रं एकटं राहतच नाही. मी दूध आणायला खाली उतरलो तरी दार ओरबाडायचं आणि शेजारीण भांडायला यायची. सहा दिवस मी अभ्यासिकेला गेलो नाही, टेस्ट बुडाली. वर काका आल्यावर म्हणाले, सहा दिवस फुकट एसीत राहिलास की. ते फुकट म्हणणं फार लागतं ओ. मी फुकट नव्हतो राहिलो, त्यांचं कुत्रं सहा दिवसांत एकदा पण रडलं नाही, ते माझ्यामुळं.

तुमचा प्रश्न वाचून मला सावड आठवली. आमच्या आज्ज्याच्या वेळेला पेरणीला ह्याची बैलं त्याच्या रानात आणि त्याची माणसं ह्याच्या रानात, असं चालायचं. पण मी एक दिवस आलो, तू पण एक दिवस ये, फिटलं, असं कुणी म्हणत नव्हतं. बैलं घेऊन आलेल्याचा दिवस वेगळा आणि नुसतं खुरपं घेऊन आलेल्याचा वेगळा. आमच्या घरी बैलजोडीच्या एका दिवसाला दोन गड्यांचे दिवस फेडायचे आणि दुपारचं जेवण रानमालकाकडं. तुमच्या त्या नऊ दिवसांत तुम्ही बैलजोडी घेऊन गेला होता ताई. म्हातारं कुत्रं, औषध, चाळीस कुंड्या, रात्रीचा नळ. त्यांनी तुमच्याकडं खुरपं आणलं. रात्री मोजून हे फिटणार नाही.

मी आता जायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, मला सलग किती तास बाहेर जाता येईल. ह्या एका उत्तरात सगळं कळतं. आठ तास म्हणाले तर हलकं काम, दोन तास म्हणाले तर मी तिथं बांधलेला. बांधलेला असेन तर तसं आधी सांगा, मग मी हो म्हणायचं का नाही ते ठरवतो, आणि हो म्हटलं तर कुरकुर करत नाही.

ब्रुनोचे_बाबा

मालकाची बाजू पण मांडतो, कारण वरच्या सगळ्या रिप्लायमध्ये मालक वाईट दिसायलेत. आम्ही एका ओळखीच्या मुलाला ब्रुनोजवळ ठेवून पंढरपूरला गेलो होतो, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी तो सकाळी नऊला बाहेर पडला तो रात्री अकराला आला. चौदा तास! ब्रुनोने दारातच शू केली आणि त्याच जागेवर मान खाली घालून बसून राहिला, आम्ही आलो तरी उठेना, त्याला वाटलं आपण मार खाणार. तो चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. त्या मुलाने आधी सांगितलं असतं की मला बाहेर जायचंय, तर आम्ही माझ्या मेव्हण्याला पाठवलं असतं. न्यायाचं म्हणता ना, मग न्याय दोन्हीकडून पाहिजे. सांभाळणाऱ्याने जमणार नसेल तर नाही म्हणावं, त्याचा कुणाला राग येत नाही. आणि प्लीज, मालक गावाला आहेत, मी एकटाच घरात, असलं स्टेटस टाकू नये, घराचे फोटो पण नाहीत.

कॅमेऱ्याबाबत मात्र मी ताईंच्या बाजूने. दारावरचा कॅमेरा असावा आणि तो सांगूनच असावा. घराच्या आत माणूस झोपत असेल तिथे नाहीच. एअरबीएनबीने सुद्धा ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे जगभर पूर्ण बंद केले, त्याआधी सांगून हॉलमध्ये लावलेला चालायचा, आता तोही नाही. पैसे घेऊन घर देणारे हा नियम पाळतात, मग मैत्रीतल्या माणसावर कॅमेरा कसला?

अर्थशास्त्र_शिकवते

मोहोळच्या भावाने सावडीचं लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं, मी वर्गात हाच विषय शिकवते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागात साधारण दीडशे जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळायचा असाच गट केला होता. कूपन छापली होती, एक कूपन म्हणजे अर्धा तास. त्या गटातल्याच स्वीनी दांपत्याने १९७७ साली त्यावर लेख लिहिला, तो अर्थशास्त्रात खूप गाजला. झालं असं की अडीअडचणीला असावीत म्हणून प्रत्येक जण कूपन साठवायला लागला. साठवायची म्हणजे खर्च करायची नाहीत, म्हणजे बाहेर जायचं नाही. सगळेच मुलं सांभाळायला तयार पण बाहेर जाणारं कुणी नाही, त्यामुळे कूपन मिळवायला संधीच नाही. कुणाची दानत वाईट नव्हती, तरी गट अडकला. आधी महिन्यातून अमुक वेळा बाहेर पडायलाच पाहिजे असला नियम करून बघितला, उपयोग झाला नाही. शेवटी जास्तीची कूपन वाटली तेव्हा चाक फिरलं, आणि पुढे ती भरमसाट झाल्यावर उलटी अडचण आली.

हे सांगायचं कारण, काटेकोर हिशोब लिहायला लागलात की तुमच्या सहा घरांतही हेच होऊ शकतं. सगळे मे आणि दिवाळीसाठी दिवस शिल्लक ठेवतील आणि ऑगस्टमध्ये कुणाच्या आईचं ऑपरेशन निघालं तर ती बिचारी मागायला लाजेल, कारण तिच्या नावावर आधीच बाकी आहे. म्हणून प्रत्येक घराला सुरुवातीलाच दहा दिवस हातात द्या आणि दहा दिवसांपर्यंत उधारी चालेल असं ठरवा. त्याच्या वर गेलं तर आधी फेडायचं. पाडव्याला वही बंद, उरलं ते सोडून द्यायचं, भिशी दर वर्षी नव्याने सुरू होते तसं. आणि आजारपण, मयत ह्यासाठी गेलेले दिवस वहीत लिहायचेच नाहीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मनीची_आई

सगळ्यांचे खूप आभार. हे सगळं मी मोठ्याने वाचून घरी दाखवलं आणि मग धीर करून ग्रुपवर टाकलं की रविवारी सगळ्यांनी भेटूया. आमच्या गच्चीवर बसलो, पाच घरं आली, सहावं म्हणजे तेच घर, तिथून फक्त वहिनी आल्या.

आता असं ठरलंय की हलकं घर आणि जड घर असे दोनच प्रकार. सलग सहा तास बाहेर जाता येत नसेल, किंवा औषध असेल, किंवा रात्रीचा नळ मुक्कामात येत असेल तर ते जड, त्याचा एक दिवस दीड धरायचा. दोन धरायचं माझं म्हणणं होतं पण बाकीच्यांना जास्त वाटलं, ठीक आहे. राहणाऱ्याचा किराणा, भाजी आणि दूध मालकाने भरून ठेवायचं, मोहोळच्या दादाचं रानमालकाचं जेवण सगळ्यांना पटलं. दवाखान्याची चिठ्ठी आणि ३,००० चं पाकीट प्रत्येकाने आजच फाईलला लावलं. दहा दिवसांची उधारी मान्य, आणि आजारपण-मयताचे दिवस लिहायचे नाहीत हे तर एका मिनिटात ठरलं. प्रत्येकाने एक कागद फ्रिजवर लावायचा, त्यात पहिल्या ओळीत नळ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि मोटरचं बटण कुठे. आणि निघायच्या आधी किमान एक दिवस राहणाऱ्याला घरी बोलावून सगळं करून दाखवायचं, जिन्यात नाही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की कुत्र्याच्या आजाराची त्यांना इतकी भीती बसली होती की तोंडातून भलतंच निघालं, आणि गोचीडाचं औषध लावायची तारीख त्यांच्याकडूनच चुकली होती. उरलेले १,४२० त्यांनी दिले. मी पण मोगऱ्याची दोन रोपं आणून ठेवली होती ती दिली, त्यांच्या सासूबाईंच्या कुंड्यांची भरपाई त्याने होत नाही हे मला माहीत आहे, पण त्यांनी ती लगेच मांडीवर घेतली.

कॅमेऱ्यावर मात्र एकमत झालं नाही. दोघांचं म्हणणं आहे की कुत्रं बघायला तरी हॉलमध्ये हवा. मी सांगून टाकलंय की कॅमेरा काढून कपाटात ठेवल्याशिवाय मी कुणाच्याही घरी मुक्कामाला जाणार नाही, आणि आणखी दोघी जणी माझ्या बाजूने बोलल्या. पुढच्या रविवारी परत बसणार आहोत.

@दवाखान्यात_असते एक विचारायचं राहिलं. आमच्यातलं एक घर गावात सिद्धेश्वर पेठेच्या बाजूला राहायला गेलंय आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत ते बाहेर असणार आहेत. होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री त्यांच्या घाबरट इंडी (देशी) कुत्रीजवळ मी असणार आहे. तिला त्या संध्याकाळी आमच्याकडे जुळे सोलापूरला आणू का तिथेच आतल्या खोलीत ठेवू?

दवाखान्यात_असते

नवीन जागा आणि वर मनी, दोन्ही एकदम नको. तिथेच ठेवा. चारच्या सुमारास फिरवून आणा, अंधार पडायच्या आधी जेवण द्या, आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करून जाड पडदे किंवा चादरी लावा, टीव्ही नेहमीच्या आवाजात सुरू ठेवा. ती पलंगाखाली गेली तर ओढून बाहेर काढू नका, तुम्ही खाली जमिनीवर तिच्याजवळ बसा. पट्टा गळ्यातच राहू द्या आणि त्यावर मालकाचा आणि तुमचा असे दोन्ही नंबर लिहा, घाबरलेलं कुत्रं दार उघडं दिसलं की सुसाट पळतं. मालकांना आत्ताच सांगा, डिसेंबरमध्ये एकदा दवाखान्यात आणून दाखवून घ्या, गरज वाटली तर डॉक्टर भीतीवरची गोळी लिहून देतात, पण ती आधी एकदा मालक घरी असताना देऊन बघायची असते.